दुसरीकडचा उजेड

१

त्या वर्षी, म्हणजे एक्क्याण्णव साली, मी एका व्हिडिओ कोर्सच्या दुसऱ्या वर्षाला होते आणि सिनेमातलं आपल्याइतकं कुणाला कळत नाही असं माझं ठाम मत होतं. दिवाळीच्या सुट्टीआधी सरांनी प्रोजेक्ट दिला. आठ मिनिटांची फिल्म, पात्र एकच, संवाद एकही नाही. ते पात्र कोण, कुठलं, त्याच्या मनात काय चाललंय, हे सगळं कॅमेरा कुठे ठेवलाय, उजेड कुठून येतोय आणि अंगावर काय आहे एवढ्यातूनच कळलं पाहिजे. "पात्राला तोंड उघडायला लावलंत की मार्क कापणार," सर म्हणाले. पहिल्या येणाऱ्याला मुंबईच्या एका स्टुडिओत सहा महिन्यांचं काम मिळणार होतं, आणि ते काम आपलंच असं मी मनात धरून टाकलं होतं.

गोष्ट मी साधी घेतली. खाडीकाठच्या घरात एक तरुण कोळीण बसली आहे. नवरा होडी घेऊन गेलाय आणि परत आलेला नाही. ती जाळं दुरुस्त करते, उठते, दाराशी जाते, परत येऊन बसते. बस. कॅमेरा सगळा वेळ उंचावरून, म्हणजे ती लहान आणि एकटी वाटेल. उजेड फक्त डावीकडून. शेवटच्या शॉटला कॅमेरा तिच्या डोळ्यांच्या पातळीवर उतरणार, ती हळूच वळणार आणि तिचा पूर्ण चेहरा पहिल्यांदाच दिसणार.

कोळीण होणार होती माझी धाकटी बहीण उत्तरा. एकोणीस वर्षांची, बडबडी, घरभर नाचणारी. तिने होकार दिला नव्हता, पण मी कधी तिला विचारायच्या भानगडीत पडत नसे. आई गेल्यापासून मीच तिच्या वेण्या घातल्या, मीच तिचे अभ्यास घेतले आणि मीच तिच्यावर दादागिरी केली. अण्णा, म्हणजे आमचे वडील, बँकेतून संध्याकाळी यायचे, तोवर घर माझ्या ताब्यात असायचं.

कॅमेरा गोपीनाथचा. ठाण्यातच खोपटला त्याचं लग्नाच्या व्हिडिओ शूटिंगचं दुकान होतं. लग्नसराई सुरू व्हायला अवकाश होता, म्हणून कॅमेरा, दोन हॅलोजनचे दिवे आणि स्वतःची मॅटॅडोर गाडी घेऊन तो फुकट यायला तयार झाला. "एवढंच आहे मॅडम, माझं नाव टायटलमध्ये मोठं टाकायचं," तो म्हणाला.

आणि जागा अण्णांची. डोंबिवलीला एमआयडीसीच्या बाजूला त्यांनी नवा फ्लॅट घेतला होता. किल्ली मिळाली होती, लाइट आली होती, पण पाण्याचं कनेक्शन अजून मिळालं नव्हतं. नळ उघडला की नुसती हवा यायची. बिल्डिंगमध्ये अजून कुणी राहायला आलं नव्हतं. बाहेरच्या खोलीच्या खिडक्यांना आम्ही काळा कागद चिकटवला, भिंतीला निळसर चुना मारला, जमिनीवर मातीचा हात फिरवला. भरदुपारी तिथे काळोख करता येत होता. आतला उजेड मी ठरवीन तेवढा आणि ठरवीन तिथूनच येणार होता.

२

कपड्यावर माझं घोडं अडलं. कोळणीचं लुगडं खरंच हवं, नाटकातलं चालणार नाही, असं मीच ठरवून बसले होते. दर बुधवारी खाडीकाठच्या कोलशेतहून भागीरथी कोळीण आमच्या चरईच्या घरी मासे घेऊन यायची. तिला विचारलं, तर ती म्हणाली, "ये ना बाय घरी, हवा तो ने."

मी आणि उत्तरा तिच्याकडे गेलो. भागीरथी पन्नाशीची, नवरा वारलेला, मूलबाळ नाही. एकटीच राहायची. तिने पेटी उघडून सहा-सात लुगडी पुढे टाकली. सगळी लाल, केशरी, भडक गुलाबी. आता व्हीएचएस कॅसेटवर लाल रंग पसरतो, कडा सोडून बाहेर येतो. चेहऱ्याकडे कुणी बघतच नाही मग. मी एकेक बाजूला सारत गेले. तेवढ्यात मागच्या अंगणात बांबूवर वाळत घातलेलं लुगडं दिसलं. विटलेलं हिरवं, काठाला पुसट पिवळी रेघ. कॅमेऱ्यासाठी त्याहून चांगला रंग मिळणं कठीण होतं.

"हे चालेल," मी म्हटलं.

"तो नको," भागीरथी म्हणाली. "तो मालूचा हाय. माजी जाव. तो कोन नेसत नाय."

"मग वाळत का घातलंय?"

"रोजच घालतंय."

मालू कुठे असते हे मी विचारलं नाही. मला रंग हवा होता. मी गळ घातली, प्रोजेक्टचं सांगितलं, चार दिवसांत परत आणून देते म्हटलं. उत्तरा तिच्या लाघवी पद्धतीने तिच्या खांद्यावर हात टाकून "दे ना गं मावशी" म्हणाली. भागीरथी बराच वेळ आम्हा दोघींकडे आळीपाळीने बघत राहिली. मग तिने लुगडं काढलं आणि उत्तराला कोळी पद्धतीने ते कसं नेसायचं तेही दाखवलं.

"एक करायचा," ती मला म्हणाली. "रोज पान्यात बुडवायचा, रोज वाळवायचा. खाडा नाय करायचा. तुज्या हातानं कर, हिच्या नको."

मी हो म्हटलं. माझा हो त्या काळात फार स्वस्त होता.

३

शूटिंग रविवारी सुरू झालं. लुगडं नेसवल्यावर काठाला मी चिखल लावला आणि कुठे किती डाग आहेत ते वहीत लिहून ठेवलं. ज्यांनी हे काम केलंय त्यांना ठाऊक असेल, शूटिंग संपेपर्यंत कपडा धुवायचा नसतो. एका शॉटमध्ये डाग आणि पुढच्यात नाही असं झालं की फिल्म फुकट जाते. सरांनी आम्हाला हे घोटवून घेतलं होतं. तेव्हा भागीरथीची अट माझ्याकडून पाळली जाणार नव्हती, हे मला हो म्हणतानाच माहीत होतं.

एक हॅलोजन डावीकडे, थर्माकोलवर मारलेला, म्हणजे उजेड मऊ पडेल. बाकी अंधार. स्टुलावर चढून गोपीनाथने कॅमेरा लावला. उत्तरा दोनदा हसली, तिसऱ्यांदा शहाण्यासारखी बसली. दुपारपर्यंत नऊ शॉट झाले. व्ह्यू-फाइंडरमध्ये चित्र काळं-पांढरं आणि आगपेटीएवढं दिसायचं, त्यात सगळं ठीक होतं.

संध्याकाळी घरी व्हीसीआरवर कॅसेट लावली. रंग उत्तम आले होते. लुगडं तर असं दिसत होतं की मी स्वतःवरच खूश झाले. मग माझं लक्ष तिच्या चेहऱ्याकडे गेलं. गालावर, हनुवटीच्या खालून, उजेड हलत होता. वर सरकायचा, तुटायचा, पुन्हा जुळायचा. पाण्याजवळ बसलेल्या माणसाच्या तोंडावर उन्हाचा कवडसा असतो, तसा. आणि तो हॅलोजनसारखा पांढरा नव्हता. चार वाजताच्या उन्हासारखा होता.

अण्णा मागे येऊन उभे राहिले होते. "छान जमलंय हं," ते म्हणाले. "खाडी न दाखवता खाडी दाखवलीस. हे पाण्याचं कसं केलंस?"

अण्णा सहसा कशाचं कौतुक करत नसत. मी म्हटलं, "परातीत पाणी ठेवलं आणि त्यात आरसा."

"वा. मेहनत घेतलीस."

उत्तराने माझ्याकडे पाहिलं. परात नव्हती, हे तिला माहीत होतं. ती काही बोलली नाही, आणि मला तेव्हा त्याचं नवल वाटायला हवं होतं, कारण ती कधीच गप्प बसत नसे.

४

सोमवारी मी घरातला चौदा इंची टीव्ही मॅटॅडोरमध्ये टाकून डोंबिवलीला नेला. कॅमेऱ्याला जोडला की शूट करतानाच रंगीत चित्र दिसणार होतं. मला काय चुकतंय ते शोधायचं होतं. खरं सांगायचं तर चूक शोधून मला ती जपायची होती, कारण अशी चूक माझ्या वर्गात दुसऱ्या कुणाला जमली नसती.

चकाकणारं सगळं बाहेर काढलं. गोपीनाथचं घड्याळ, स्टुलाचे पत्र्याचे पाय, उत्तराच्या बांगड्या. पंखा नव्हताच. खिडक्यांचे कागद पुन्हा चिकटवले. रिकामी खोली टीव्हीवर पाहिली, उजेड स्थिर. उत्तरा तिच्या पंजाबी ड्रेसमध्ये येऊन बसली, उजेड स्थिर. मग ती आत जाऊन लुगडं नेसून आली आणि त्याच जागी बसली. गालावर उजेड हलायला लागला.

"गोपीनाथ, हॅलोजन उजवीकडे घे," मी म्हटलं.

त्याने घेतला. भिंतीवरची जाळ्याची सावली डावीकडे सरकली, माठाची सावली सरकली. उत्तराच्या चेहऱ्यावरचा उजेड होता तिथेच राहिला.

"हा काय प्रकार आहे?" गोपीनाथ म्हणाला.

"बंद कर."

"काय बंद करू?"

"दिवा. दोन्ही दिवे."

त्याने बटण दाबलं. खोलीत मिट्ट काळोख झाला. टीव्हीचं तोंड आमच्याकडे होतं, त्याचा उजेड उत्तरापर्यंत पोचत नव्हता. पण टीव्हीच्या पडद्यावर एक चेहरा होता, खालून उजळलेला, आणि तो उजेड काल होता त्याहून पिवळा होता. ऊन उतरलं होतं. मी टीव्हीवरून नजर काढून काळोखात उत्तरा जिथे बसली होती तिकडे पाहिलं. तिथे काही दिसत नव्हतं. फक्त जाळ्याच्या गाठी ओढल्याचा आवाज येत होता, एकीमागे एक, आणि उत्तराला गाठ मारायला येत नव्हती.

गोपीनाथने दिवा लावला. त्याचा चेहरा उतरला होता. "मॅडम, मी हजारेक लग्नं मारलीयत. कॅमेरा खराब झाला तर काय होतं मला म्हायती. हा कॅमेऱ्याचा फॉल्ट नाय."

"कॅसेट जुनी असेल."

"कॅसेट चालूच नव्हती, मी रेकॉर्डिंग केलेलंच नाय."

तरी मी त्या दिवशी सहा शॉट घेतले. गोपीनाथ नाही म्हणत होता, पण मी त्याला टायटलची आठवण करून दिली. राहिला होता फक्त शेवटचा शॉट, वळून बघण्याचा. तो गुरुवारी घ्यायचा असं ठरलं, कारण मधले दोन दिवस गोपीनाथला कल्याणला कुणाच्या बारशाचं काम होतं. निघताना लुगडं घडी घालून मी पिशवीत ठेवलं. चिखलाचे डाग जसेच्या तसे होते.

५

मंगळवारी दुपारी आम्ही दोघी जेवायला बसलो. स्वयंपाकघरातली ट्यूब चालू होती. मी आमटी वाढायला वाकले आणि हात थांबला. उत्तराच्या अंगावर तिचा नेहमीचा गाऊन होता. समोर कॅमेरा नव्हता, टीव्ही नव्हता. ट्यूबचा पांढरा उजेड ताटावर, वाट्यांवर, माझ्या हातावर पडला होता. तिच्या चेहऱ्यावर तो पडलेला नव्हता. तिच्या चेहऱ्यावर तांबडं ऊन होतं, मावळतीचं, आणि ते हनुवटीखालून हलत होतं.

मी ट्यूब बंद केली, चालू केली. तिने वरही पाहिलं नाही.

"उत्तरा."

"अं?"

"बरं वाटतंय ना तुला?"

"पाय गार पडलेत," ती म्हणाली. "बाकी काही नाही, ताई. थोडंच राहिलंय."

"काय थोडंच राहिलंय?"

तिने पुढचा घास घेतला. मला तेव्हा कळलं, आणि कळलं ते अगदी साध्या हिशेबाने. सर शिकवायचे, की माणूस कुठे आहे हे त्याच्यावरच्या उजेडावरून ओळखायचं. भिंती खोट्या असू शकतात, कपडे खोटे असू शकतात, उजेड सांगतो तिथेच माणूस असतो. माझी बहीण माझ्यासमोर पाटावर बसली होती आणि तिच्यावरचा उजेड दुसरीकडचा होता. तिथे परवा चार वाजले होते, काल पाच, आणि आज सूर्य टेकला होता. अंधार पडल्यावर काय, हा प्रश्न मला पडला.

मी उठून न्हाणीघरात गेले. बादली भरली. पिशवीतून लुगडं काढलं, पाण्यावर धरलं. भागीरथीने सांगितलेलं मला शब्दन् शब्द आठवत होतं. आणि त्याच वेळी माझ्या डोळ्यांपुढे शेवटचा शॉट होता. डाग गेले तर तो आधीच्या शॉटना जुळणार नाही. फिल्म पुरी होणार नाही. एका भासासाठी मी पहिला नंबर घालवून बसेन. गुरुवारी सकाळी शॉट घेऊ, लगेच भिजवू, दीड दिवसाचा तर प्रश्न आहे, असं मी मनाशी म्हटलं. लुगडं पुन्हा पिशवीत ठेवलं आणि बादलीतल्या पाण्याने फरशी पुसून काढली.

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. मला त्याची लाज वाटते.

६

बुधवारी अकराच्या सुमाराला मी बँकेतलं अण्णांचं काम करून घरी आले तर उत्तरा नव्हती. अण्णा सर्दीने घरीच होते. ते म्हणाले, "तुझ्या शूटिंगलाच गेली ना? नऊ वाजता तो गोपीनाथ येऊन घेऊन गेला. तू परस्पर येणार आहेस म्हणाली."

पिशवी जागेवर नव्हती.

मी चप्पल घालत होते तेवढ्यात दारात भागीरथी आली. तिने पाटी उतरवलीही नाही. "लुगरा भिजवतंस ना?" तिने विचारलं.

मी मान हलवली. नाही म्हणून.

"कवापास्ना?"

"एकदाही नाही."

तिने डोळे मिटले. मला वाटलं ती आता शिव्या घालेल. "पोरीच्या अंगावरना उतरव," ती म्हणाली. "आनि माज्याकडं आन. उजेड हाय तवर आन. मी घरी जातंय." मासे न विकताच ती आल्या पावली वळली.

डोंबिवलीला पोचायला मला तास लागला. बिल्डिंगचा जिना चढताना वरून काहीच आवाज येत नव्हता. दार नुसतं लोटलेलं होतं. आत गोपीनाथ कॅमेऱ्यामागे उभा होता. या वेळी कॅमेरा स्टुलावर नव्हता, खाली होता, बसलेल्या माणसाच्या डोळ्यांच्या पातळीला. फ्रेम माझ्या वहीतल्यासारखी अचूक लागली होती. हॅलोजन जळत होता. उत्तरा पाठमोरी बसली होती.

"तुम्हीच फोन करायला सांगितला ना?" गोपीनाथ कुजबुजला. "ती बोलली, ताईने आजच उरकायला सांगितलंय. मी बारसं सोडून आलेलो. मॅडम, ही मघापासून बोलतच नाय."

"कट," मी म्हटलं.

उत्तराचा खांदा हलला. ती वळायला लागली. हळूहळू, मी तिला शिकवलं होतं त्याच वेगाने.

"उत्तरा, कट. झालं शूटिंग. ऊठ."

ती थांबली नाही. मी धावत जाऊन हॅलोजनची वायर उपटली. खोली काळी झाली. माझ्या हाताला कॅमेरा लागला. तो बॅटरीवर चालू होता, आणि व्ह्यू-फाइंडरच्या रबरातून बारीक उजेड झिरपत होता. मी डोळा लावायला नको होता. मी लावला.

त्या आगपेटीएवढ्या चौकोनात उत्तरा वळून बसली होती. तिचा पूर्ण चेहरा मला दिसला, आणि तो माझ्याच बहिणीचा होता, आणि ती इतकी घाबरलेली होती की तिला ओरडताही येत नव्हतं. तिच्यामागे भिंत नव्हती. ओहोटीचा सपाट चिखल होता, लांबपर्यंत, आणि त्याच्या टोकाला उजेडाची एक बारीक रेघ उरली होती. त्या चिखलात थोड्या अंतरावर कुणीतरी ओणवं होऊन काहीतरी वेचत होतं. मी पाहत असताना त्या बाईने वेचणं थांबवलं आणि कमरेवर हात ठेवून ती सरळ व्हायला लागली.

मी कॅमेरा ढकलून दिला. काळोखात चाचपडत उत्तरापर्यंत गेले, तिच्या कमरेची गाठ सापडेना, तर दातांनी सोडवली. तिचे पाय घोट्यापर्यंत गार होते. लुगडं सुटलं तेव्हा ती माझ्या अंगावर कोसळली आणि लहानपणी रडायची तशी रडायला लागली. मागे गोपीनाथ भिंतीला हात लावत खिडकी शोधत होता. त्याने काळा कागद टराटरा फाडला. बाहेर दुपारचं एक वाजताचं ऊन होतं. ते आमच्या तिघांच्याही अंगावर सारखं पडलं नाही.

७

मॅटॅडोर शिळफाट्याने निघाली. उत्तराला मी सतरंजीत गुंडाळून मांडीवर घेतलं होतं. तिच्या चेहऱ्यावर आता ऊन उरलंच नव्हतं, संधिप्रकाश होता. समोरच्या काचेतून भर दुपार येत होती आणि माझ्या मांडीवर सांज झाली होती. मी तिच्याशी सारखी बोलत होते. आई कशी होती, उत्तरा स्वतः शाळेत कशी पडली, काय वाट्टेल ते. मुंब्र्याजवळ ट्रक आडवा होता. गोपीनाथने खाली उतरून ट्रकवाल्याच्या पायांवर डोकं ठेवलं, हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं. माजिवड्याला वळलो तेव्हा मला तिचं नाक जेमतेम दिसत होतं.

भागीरथी दारातच उभी होती. तिने माझ्या हातातलं लुगडं घेतलं, मागच्या अंगणातल्या पिंपात बुडवलं आणि दोन्ही हातांनी दाबून धरलं. पाणी गढूळ झालं. ती काही पुटपुटली नाही, कुणाला हाका मारल्या नाहीत, नुसती कपडे धुवावेत तशी धूत राहिली. मग पिळून बांबूवर टाकलं.

मी उत्तराकडे बघत होते. तिच्या कपाळावर अंगणातलं ऊन हळूहळू चढलं, मग नाकावर, मग गालांवर. तिने डोळे चोळले. "ताई, भूक लागलीय," ती म्हणाली. मी तिला पोटाशी धरलं.

फिल्म मी दिली नाही. कॅसेट गोपीनाथने त्याच्या दुकानामागे जाळली. माझा नंबर गेला, स्टुडिओतलं काम दुसऱ्या कुणाला मिळालं, आणि खरंच सांगते, मला त्याचं काडीचं वाईट वाटलं नाही. माझी बहीण परत मिळाली होती.

८

उत्तराचं लग्न चौऱ्याण्णव साली झालं. कल्याणला दिली. नवरा चांगला, पुढच्याच वर्षी मुलगी झाली. त्या बुधवारबद्दल तिला काही आठवत नव्हतं, किंवा आठवत असलं तरी ती बोलत नव्हती. मी ठाण्यात एका शाळेत चित्रकला शिकवायला लागले. भागीरथी मासे घेऊन येतच होती. मी दर वेळी विचारायचे, "भिजवलंस?" ती म्हणायची, "खाडा नाय."

गेल्या वर्षी, अठ्ठ्याण्णवच्या जानेवारीत, उत्तरा मुलीला घेऊन माहेरपणाला आली होती. भागीरथी त्या बुधवारी फिरकली नव्हती. सकाळी उत्तरा मुलीला भरवत होती. मी चहा घेऊन आले. तिच्या हनुवटीखाली उजेड हलत होता.

मी तशीच रिक्षा करून कोलशेतला गेले. भागीरथीच्या घराचं दार उघडं होतं. मागे बांबूवर लुगडं कोरडं ठणठणीत, कडक झालं होतं. ते ओढून मी पिंपात टाकलं आणि तिने केलं होतं तसं दाबून धरलं. माझ्या हातांना आतून कुणी ओढत असल्यासारखं वाटलं, पण ते माझ्या मनाचे खेळ असतील. पिळून वाळत टाकलं आणि आत गेले.

भागीरथी आतल्या खोलीत खाटेवर होती. चार दिवसांचा ताप. खोलीला खिडकी नव्हती आणि दिवाही लावलेला नव्हता. तरी मला ती स्पष्ट दिसत होती. तिच्या सुरकुतलेल्या तोंडावर मावळतीचं ऊन होतं, आणि मी दारात उभी असतानाच ते विझत विझत गेलं. मग खोलीतल्या अंधारात ती फक्त एक आकार उरली.

"भिजवलास," ती म्हणाली.

"तू पण," मी म्हटलं. "तू पण नेसलेलीस ते."

"नवी लगीन होऊन आलेली मी. मालू चिखलात वेचाया गेलेली ती परत आली नाय, लुगरा तवरा मागं ऱ्हायला. चांगला दिसला म्हनून नेसली. सासूनी माज्यासाठी भिजवला, मनुबाईनी, मरेपर्यंत. मग मीच." तिला धाप लागली. "सोताचा सोता भिजवला तर पुरत नाय तो. थोरा थोरा सरकतंच. जीव लावनारा लागतो."

मला समजायला वेळ लागला. "म्हणून दिलंस तू मला. मुद्दाम."

"तू आलीस, भैनीला हाताला धरून. मी बघितला, ही पोरीला सोरनार नाय. आनि मना कोन नाय मागं, बाय." ती हे लाज नसल्यासारखं बोलली नाही. रडत बोलली. "मी सांगितला व्हता ना, रोज भिजव. रोज भिजवला असतास तर पोरीला काय झाला नसता. लुगऱ्याला तुज्या हाताची सवय लागली असती, एवराच."

मला तिचा संताप आला. तिचं तोंड पुन्हा बघू नये असं वाटलं. पण माझ्या बहिणीला जे झालं ते भागीरथीमुळे नव्हे, एका चिखलाच्या डागासाठी झालं होतं, आणि तो डाग मी लावला होता. मी तिला पाणी पाजलं, पेज करून ठेवली, शेजारणीला सांगितलं. वाळलेलं लुगडं घडी करून पिशवीत घातलं.

ती पुढच्या महिन्यात गेली. मी आता शाळेला सुट्टी लागली तरी सहलीला जात नाही, लग्नाला जात नाही, आजारी पडत नाही. रोज सकाळी साडेपाचला बादली भरते. मी लग्न केलं नाही.

त्या दिवशी निघताना तिने मला हाक मारली होती. मी उंबऱ्यात थांबले.

"तुज्या माघारी कोन?" तिने विचारलं.

माझ्या मनात एक नाव आलं. उत्तराची मुलगी, अडीच वर्षांची, आईला घटकाभरही न सोडणारी.